रात्रीच्या पहिल्या मासेमारीची पूर्वतयारी : उजनी जलाशयाच्या अनुभवावरून

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या शिवांना लागून पसरलेल्या या पाण्याखाली कित्येक गावांच्या काळ्या जमिनी गेल्या, आणि काठावर राहिलेल्या कुटुंबांपैकी काहींनी पुढे उसाच्या जोडीला मासेमारीचा आधार घेतला. २०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. तेव्हापासून काठावरील तरुण शेतकरी या धंद्याची चौकशी कृषी कार्यालयातही करू लागले आहेत. त्यांचे प्रश्न बहुधा परवाना, जाळे आणि बाजारभाव यांविषयी असतात. रात्री पाण्यावर जाताना काय तयारी ठेवावी, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. जन्मापासून ज्याने हे पाणी दारातून पाहिले आहे, त्याला ते विचारण्याचे कारण वाटत नाही. परंतु काठावरून पाहिलेले पाणी आणि अंधारात होडीत बसून अनुभवलेले पाणी यांत मोठे अंतर आहे. म्हणून जो शेतकरी प्रथमच रात्रीच्या फेरीस निघणार आहे त्याच्यासाठी, आणि त्यास सल्ला देणाऱ्या ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी, ही माहिती येथे देत आहोत.

मासेमारी रात्रीच का करावी, असा प्रश्न प्रथम मनात येतो. जलाशयात बहुतेक ठिकाणी उभे जाळे वापरतात. वरच्या दोरीला तरंगणारी बुचे आणि खालच्या दोरीला शिशाचे वजन लावून ते पाण्यात भिंतीसारखे सोडलेले असते. मासा त्यात डोके घालतो, पुढे जाऊ शकत नाही, आणि मागे फिरू लागताच त्याचे कल्ले आसात अडकतात. दिवसा निवळ पाण्यात माशाला धागा दिसतो व तो वळसा घालून निघून जातो. अंधारात धागा दिसत नाही. शिवाय शिंगाळा, वाम यांसारखे मासे रात्रीच भक्ष्याच्या शोधात हिंडतात आणि त्यासाठी उथळ पाण्याकडे येतात. म्हणून सूर्यास्ताच्या सुमारास जाळे सोडावे व पहाटे ओढावे, असा प्रघात पडला आहे. काही जण जाळे सोडून घरी परततात. काही जण चोरीच्या भीतीने अथवा मध्यरात्री एकदा जाळे तपासून पाहण्यासाठी रात्रभर पाण्यावर थांबतात. नवख्याने पहिल्या काही वेळा जाळे सोडून परतावे व पहाटे पुन्हा जावे, हे बरे. तथापि एवढ्यानेही जाताना वा येताना अंधार चुकत नाहीच.

पाण्याची ओळख दिवसा करावी

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, म्हणजे लोक ज्याला टीएमसी म्हणतात त्या मापाने ११७ टीएमसी आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा आहे. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्या खाली गेले की वर्तमानपत्रांत जलाशय ‘उणे’ झाल्याचे छापून येते. हे वाचून धरण आटले असे समजणे चुकीचे आहे. उणे पातळीतही तेथे होडी बुडविण्यास पुरून उरेल इतके पाणी असते. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. तेव्हा जलाशय उणे पातळीतच होता.

या जलाशयाचा काठ स्थिर नसतो, ही दुसरी गोष्ट लक्षात घ्यावी. दिवाळीच्या सुमारास पाणी जेथे लागलेले असते, तेथून चैत्रापर्यंत ते पुष्कळ अंतर मागे हटते. पाणी उतरले की पळसदेव येथील पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते, हे अनेकांनी पाहिले आहे. मंदिराप्रमाणेच जुन्या घरांची जोती, विहिरींची तोंडे, बांध आणि झाडांचे खुंट हेही पाण्याखाली आहेत. पाणी हटलेल्या जमिनीवर वेड्या बाभळी माजतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जातात. त्यांचे शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर असले तर दिवसा दिसतात, रात्री दिसत नाहीत. येथे काठावरील शेतकऱ्याला एक लाभ आहे. आपल्या आजोबांची विहीर कोठे होती, चिंच कोणत्या बांधावर होती, हे त्याच्या घरातील वडील मंडळींना ठाऊक असते. पहिल्या फेरीपूर्वी त्यांच्याजवळ बसून हे सर्व विचारून घ्यावे. ही माहिती कोणत्याही छापील नकाशात मिळणार नाही.

यानंतर ज्या भागात जाळे टाकावयाचे आहे तेथे निदान दोन वेळा दिवसा जाऊन यावे. बारीक दोरीच्या टोकाला दगड बांधून, दर मीटरला एक गाठ मारून, ठिकठिकाणी खोली मोजावी. अडथळे कोठे आहेत, काठाला होडी लावण्यास चिखल नसलेली जागा कोणती, प्रवासी होड्यांचा मार्ग कोठून जातो, हे पाहून घ्यावे. होड्यांच्या मार्गावर जाळे आडवे टाकू नये. काठालगत शेतकऱ्यांच्या पाणी उपसण्याच्या मोटारी असतात. पाणी जसजसे मागे हटते तसतशा त्या पुढे नेल्या जातात आणि त्यांच्या वीजवाहक तारा व नळ चिखलातून व पाण्यातून पसरलेले असतात. तारांचे जोड कित्येकदा उघडे असतात. अशा ठिकाणी अंधारात पाण्यात उतरणे हे प्राणाशी गाठ आहे. मोटारींची रांग कोठे आहे ते दिवसा पाहून ठेवावे आणि होडी लावण्याची जागा तिच्यापासून दूर निवडावी.

जलपर्णीचाही विचार करावा. भीमेच्या वरच्या अंगाने वाहून आलेले जलपर्णीचे तरंगते थर वाऱ्याबरोबर सरकतात. सायंकाळी मोकळी असलेली खाडी पहाटे त्यांनी भरून गेलेली असते आणि त्यांतून वल्हे चालत नाही. म्हणून परतण्याच्या एकाच जागेवर विसंबू नये. दुसरी जागा आधीच ठरवून ठेवावी.

दिशा व खुणा

दिवसा आपण डोंगर, झाड, देवळाचा कळस यांवरून दिशा ठरवितो. रात्री यांतील काहीच दिसत नाही. दिसतात ते दिवे. परंतु सर्व दिवे सारखेच भरवशाचे नसतात. या बाबतीत प्रस्तुत लेखकास स्वतःचा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षातील एका रात्री एका वृद्ध मच्छीमाराबरोबर आम्ही प्रथमच पाण्यावर गेलो. सर्व त्यांना मामा म्हणत, तसे आम्हीही म्हणत होतो. काठावरची खूण लक्षात ठेवण्याचे काम त्यांनी आमच्यावर सोपविले होते. पदवीधर मनुष्याला एवढे सहज जमेल असे त्यांना वाटले असावे, आणि आम्हालाही तसेच वाटले. उतरण्याच्या जागेलगतच्या मळ्यात चार दिव्यांची एक रांग होती. ती आम्ही खूण म्हणून धरली. जाळे सोडून झाले तेव्हा अकरा वाजले असावेत. परतण्यासाठी मान वळविली, तो काठावर काळोख! त्या बाजूच्या विजेची पाळी संपली होती. आम्ही डावीकडे बोट दाखवीत राहिलो. मामांनी शांतपणे म्हटले, “साहेब, तो दिवा सरकारचा. त्याच्या भरवशावर घर गाठायचं नसतं.” परंतु साहेबांचा मान राखण्यासाठी त्यांनी काही अंतर आमच्याच दिशेने होडी नेली, आणि ती बुडालेल्या वेड्या बाभळींत शिरली. होडी सोडवून घेताना आमच्या हातातील वल्हे निसटले. ते दोरीने बांधलेले नव्हते. उरलेल्या एका वल्ह्याने वाऱ्याविरुद्ध होडी नेणे शक्य होईना. अखेर बाभळीच्याच एका फांदीला होडी बांधून आम्ही उजाडेपर्यंत कुडकुडत बसलो.

येथवर ही हसण्यासारखी गोष्ट आहे. परंतु केव्हा परतणार हे आम्ही घरी सांगितले नव्हते. मध्यरात्र उलटली तरी वडील आले नाहीत असे पाहून मामांचा मुलगा तीन वाजता दुसरी होडी घेऊन आम्हाला शोधण्यास एकटाच निघाला. त्याच्याजवळ विजेरी होती ती अर्ध्या तासात विझली. पहाटे धुके उतरले. आम्ही बाभळीला बांधलेले होतो, म्हणून सुरक्षित होतो. तो मात्र मोकळ्या पाण्यावर दोन तास दिशा चुकून फिरत होता. सूर्य वर आल्यावर त्याचा आवाज ऐकू आला, तोपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्रीनंतर आम्ही ज्या ज्या तरुणांना या बाबतीत सल्ला दिला, त्यांस जाळ्यापूर्वी ही गोष्ट सांगितली आहे.

तेव्हा खुणेसाठी विजेची पाळी जिला लागू नाही अशी खूण शोधावी. मोबाईल मनोऱ्यावरील तांबडा दिवा बहुधा रात्रभर असतो. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याचे दिवे दूरवरून दिसतात, पण हंगाम संपल्यावर ते तसे राहत नाहीत. एका दिव्यावरून दिशा कळते, जागा कळत नाही. दोन दिवे एकाच रेषेत आले म्हणजे आपण त्या रेषेवर आहोत हे निश्चित समजते. म्हणून परतण्याच्या जागेची खूण नेहमी दोन दिव्यांची असावी. याशिवाय उतरण्याच्या जागी आपला स्वतःचा एक कंदील किंवा बॅटरीचा दिवा उंच काठीवर टांगून ठेवावा.

आकाश निरभ्र असेल तर ध्रुवाचा उपयोग होतो. उजनीच्या परिसरात ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे १८ अंश वर दिसतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर एका मुठीने सुमारे १० अंश झाकले जातात. म्हणजे ध्रुव क्षितिजावर जवळजवळ दोन मुठी असतो. तो फार तेजस्वी नाही, म्हणून आधी दोन-चार रात्री अंगणातूनच ओळखून ठेवावा. ढग वा धुके आले की तो निरुपयोगी ठरतो. त्यासाठी खिशात लहान होकायंत्र ठेवावे. आजकालच्या मोबाईलमध्ये उतरण्याच्या जागेची नोंद करून ठेवता येते व परतताना तो दिशा दाखवितो. ही सोय उत्तम आहे. परंतु मोबाईल भिजतो आणि त्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून तो पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात बांधून ठेवावा आणि एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

रात्र कोणती निवडावी

अनुभवी मच्छीमार वद्य पक्षातील काळोखी रात्र पसंत करतात, कारण चांदण्यात माशाला जाळे दिसते. नवख्याने याच्या उलट करावे. पहिली फेरी शुद्ध द्वादशी ते पौर्णिमा या दिवसांत काढावी. मासळी थोडी कमी मिळेल, परंतु पाणी, काठ आणि जाळ्याची बुचे दिसतील. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, हे ध्यानात ठेवून वेळ आखावी.

महिन्यांमध्ये कार्तिक ते माघ हा काळ त्यातल्या त्यात शांत असतो. चैत्र-वैशाखात दुपारनंतर व सायंकाळी वळिवाचे ढग जमतात. परतीच्या पावसातही तसेच होते. पाऊस सुरू होण्यापूर्वीच ढगाखालून थंड वाऱ्याचा लोट जमिनीवर आदळतो व चहूकडे पसरतो. उकाडा असताना एकाएकी गार वारा अंगाला लागला, तर तो सुखाचा वारा नव्हे. तो वादळाचा पुढचा हात आहे असे समजून तत्काळ काठ धरावा. लाटेची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो, आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून येतो. विहिरीत वा तळ्यात वाऱ्याने नुसत्या सुरकुत्या पडतात. मैलभर मोकळ्या पाण्यावर त्याच वाऱ्याने होडीत पाणी येते. त्यात पाणी उथळ असेल तर लाटा आखूड व उभ्या उठतात, आणि लहान होडीला त्याच अधिक घातक असतात.

यात एक फसवणूक आहे. वारा जर आपल्या काठाकडून पाण्याकडे वाहत असेल, तर काठाजवळ पाणी अगदी शांत दिसते. होडी सहज पुढे जाते आणि मनुष्य उत्साहाने दूर जातो. परतताना तोच वारा तोंडावर येतो, लाटा मोठ्या झालेल्या असतात आणि हात थकलेले असतात. म्हणून वारा पाठीवर घेऊन निघताना, हेच अंतर तोंडावर वारा घेऊन कापता येईल काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

हवामान खात्याचा अंदाज त्या दिवशी सायंकाळी पाहावा, सकाळचा पुरेसा नाही. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ नावाचे मोबाईलवरील साधन उपयुक्त आहे. ते जवळ नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात सेकंद मोजावेत. आवाज एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू होडीतील मनुष्यच असतो, हे सांगावयास नकोच. जाळे पाण्यातच सोडून काठ गाठावा.

होडी आणि तिच्यातील सामान

होडी नवी असो वा जुनी, आदल्या दिवशी ती पाण्यात दोन तास उभी करून किती पाणी झिरपते ते पाहावे. जेवढी माणसे व सामान नेणार तेवढे वजन तिच्यात ठेवून काठ पाण्यापासून किती वर राहतो ते मोजावे. हाताची एक वीतही उरत नसेल, तर वजन कमी करावे. येताना मासळीचे आणि ओल्या जाळ्याचे वजन वाढते, याचाही हिशेब आधीच धरावा. लहान होडीत दोनच माणसे असावीत; त्यांपैकी एक अनुभवी असलाच पाहिजे. एकट्याने जाऊ नये. गंमत पाहावयास येणाऱ्या तिसऱ्या पाहुण्यास काठावर बसवावे. पुढे सांगितलेल्या एका कामी तो उपयोगी पडेल.

लाकडी होडी उलटली तरी तरंगते. पत्र्याच्या वा फायबरच्या होडीत पाणी भरले की ती तळाला जाऊ शकते. यावर एक अल्पखर्चाचा उपाय आहे. वीस लिटरचे रिकामे, घट्ट झाकण असलेले दोन डबे होडीच्या दोन्ही टोकांना आतून पक्के बांधावेत. असा प्रत्येक डबा पाण्यात सुमारे वीस किलो वजन उचलून धरतो. पाण्यात बुडालेल्या मनुष्याचे डोके वर राहण्यास चार-पाच किलोंचा आधार पुरेसा होतो, यावरून या डब्यांचे मोल ध्यानात येईल. परंतु डबे सैल ठेवले तर काही उपयोग नाही. ते वाऱ्याने दूर निघून जातात. लाइफ जॅकेट, म्हणजे पाण्यावर तरंगविणारे जाकीट, प्रत्येकाच्या अंगावर पट्टे आवळून असले पाहिजे. “मला पोहता येते” हे उत्तर शेतकरी बंधूंकडून नेहमी ऐकू येते. विहिरीत पोहणे आणि रात्री गार पाण्यात, अंगात कपडे असताना, पायांत जाळे गुंतलेले असताना पोहणे, या दोन निराळ्या विद्या आहेत.

दोन वल्ही व तिसरे जादा वल्हे, तिन्ही दोरीने बांधलेली असावीत. या वाक्यामागे आमची ती बाभळीतली रात्र आहे. पाणी उपसण्याचा डबाही होडीला बांधावा. नांगर म्हणून जड दगड वा लोखंड आणि निदान तीस मीटर दोर घ्यावा. नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाला बांधावा, म्हणजे ती लाटेकडे तोंड करून राहते. मागच्या टोकाला बांधल्यास रुंद व आखूड बाजू लाटेकडे येऊन पाणी आत शिरते.

दिव्यांविषयी थोडे सांगणे जरूर आहे. अंधाराला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. एकदा सरावले की चांदण्यात आश्चर्य वाटेल इतके दिसते. परंतु विजेरीचा झोत एक क्षण डोळ्यांवर पडला की ते सर्व जाते व पुन्हा तेवढाच वेळ लागतो. म्हणून कपाळावर बांधावयाच्या दिव्यावर तांबडा पातळ कागद लावावा व बोलताना सोबत्याच्या तोंडाकडे मान वळवू नये. दुसरी होडी येताना दिसली तर मात्र पांढरा दिवा उंच धरून आपली जागा दाखवावी. जादा विजेरी कोरड्या डब्यात असावी. गळ्यात शिटी असावी. थकलेल्या मनुष्याची हाक पोहोचत नाही तेथे शिटी पोहोचते.

जाळे सोडताना जे अपघात होतात, त्यांचे कारण पुष्कळदा कपडे असते. सदऱ्याची बटणे, घड्याळ, अंगठी, करदोटा यांत जाळे अडकते; जाळे पाण्याकडे ओढ घेत असते आणि मनुष्य त्याच्यामागे जातो. म्हणून बटणे नसलेला लोकरी स्वेटर वरून घालावा, हातांतील सर्व काही काढून ठेवावे, आणि छातीशी म्यानात एक धारदार सुरी ठेवावी. जाळे कितीही महाग असले तरी प्रसंगी ते कापण्यास कचरू नये. जड बूट घालू नयेत. जाळे घमेल्यात व्यवस्थित वेटोळे करून ठेवावे; एकाने वल्हवावे, दुसऱ्याने बसून सोडावे. उभे राहू नये. जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या बुचांना चमकणारी पट्टी चिकटवावी, म्हणजे पहाटे शोधाशोध होत नाही.

भाकरी, पिण्याचे पाणी, कोरड्या कपड्यांचा एक जोड बरोबर असावा. मद्य अजिबात असू नये. थंडीत त्याने ऊब येते हा समज खोटा आहे. कातडीला ऊब वाटते आणि शरीरातील उष्णता अधिक वेगाने निघून जाते.

काठावरील माणूस

निघण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून काठावरील एका जबाबदार माणसाजवळ द्याव्यात : होडीत कोण कोण आहे, कोणत्या भागात जाणार, केव्हा परतणार, आणि किती वाजेपर्यंत न आल्यास मदत मागवावी. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. वेळ ठरलेली नसली की घरचे लोक एक तर उगाच घाबरतात किंवा फार उशिरा हालचाल करतात. मदत मागवावयाची म्हणजे ११२ क्रमांकावर कळवावे, गावातील अनुभवी मच्छीमारांना उठवावे आणि काठावर मोठा दिवा लावावा. एकट्याने दुसरी होडी घेऊन अंधारात निघू नये. आमच्या प्रसंगी मामांच्या मुलाचे जे झाले ते वर सांगितलेच आहे.

माघारी फिरण्याच्या अटीही काठावरच ठरवाव्यात. वाऱ्याने लाटांचे शेंडे पांढरे दिसू लागले, वीज चमकली, होडीत घोट्यापर्यंत पाणी आले, खुणेच्या दोन दिव्यांपैकी एकही दिसेनासा झाला, किंवा दोघांपैकी एकाला परतावेसे वाटले, तर परतावयाचे. जाळ्यात काही हजार रुपये अडकलेले असतात आणि पाण्यावर बसून केलेला विचार त्या रुपयांकडे ओढला जातो. म्हणून हा विचार पाण्यावर करावयाचा नसतो.

होडी उलटलीच, तर तिला धरून राहावे. रात्री काठावरचा दिवा असतो त्याहून जवळ वाटतो व त्याच्याकडे पोहत निघालेला मनुष्य वाटेत थकतो. कुगावच्या अपघातात एक जण पोहून काठास लागला हे खरे; परंतु तेथे सहा जण बुडाले हेही तितकेच खरे आहे.

पहाटेचे काम

जाळे सूर्योदयापूर्वी ओढावयास घ्यावे. अडकलेला मासा मरतो, आणि पाणी कोमट असेल तर लवकर खराब होतो. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतकाच बर्फ लागतो. तो आदल्या सायंकाळीच काठावर आणून ठेवावा. रोहू, कटला, मृगळ यांची लहान पिले जिवंत असल्यास पुन्हा पाण्यात सोडावीत. ही मासळी साचलेल्या पाण्यात वीत नाही. पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्याकडे चढते. आज सोडलेले पिलू म्हणजे पुढच्या वर्षाचे बियाणे होय. बारीक आसाचे जाळे वापरू नये. विणीच्या हंगामातील बंदीचे त्या त्या वर्षीचे आदेश आणि परवान्याच्या अटी आधी समजून घ्याव्यात.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा व बाजूचा काटा हातात शिरला तर असह्य वेदना होतात. मासा जाळ्यातून काढताना जाड गोणपाट हाताला गुंडाळावे. काटा लागल्यास काठावर येताच हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा; वेदना कमी होतात. त्यानंतर दवाखान्यात जाऊन जखम साफ करून घ्यावी व धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. जाळ्यात पाण्यातील दिवड सापडते. ती विषारी नाही, पण चावते. काठावर होडी लावताना मात्र दगडांत व गवतात घोणस असू शकते. ती विषारी आहे. विजेरीचा झोत टाकून, काठीने आपटून मगच पाय खाली ठेवावा.

घरी पोहोचल्यावर प्रथम काठावरील माणसाजवळचा कागद परत घ्यावा, म्हणजे आपण आलो हे त्यास निश्चित कळते. मग जाळे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, कारण उन्हाने नायलॉनचा धागा कमकुवत होतो. फाटलेले आस त्याच दिवशी विणून घ्यावेत. वहीत तिथी, वारा, खोली आणि सापडलेली मासळी यांची नोंद करावी. आणि अंधारात जेथे जाळे अडकले असेल, ती जागा दुपारी उजेडात पुन्हा जाऊन पाहून यावी.